डिस्कवरील पार्श्वकार्यांचे नियमन

डिस्कवरील पार्श्वकार्यांचे नियमन : संगणकाच्या डिस्कवर दोन प्रकारची कामे एकाच वेळी चालू असतात. पहिल्या प्रकारच्या कामात कोणीतरी उत्तराची वाट पाहत असते. बँकेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या ग्राहकाचे खाते उघडणे, ग्रंथालयाच्या सूचीतून पुस्तकाची नोंद काढणे, जुने पत्र पडद्यावर आणणे ही अशी कामे होत. ती बहुतांशी वाचनाची असतात. दुसऱ्या प्रकारच्या कामांची त्या क्षणी कोणी वाट पाहत नसते. स्मृतीत साचलेला मजकूर डिस्कवर उतरविणे, विखुरलेल्या फाइली सलग करणे, राखीव प्रती काढणे, शोधसूची तयार करणे, बिघडलेल्या डिस्कच्या जागी बसविलेल्या नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरणे ही कामे या प्रकारात मोडतात व त्यांना पार्श्वकार्ये म्हणतात. वाचनाची मागणी केल्यापासून माहिती हाती पडेपर्यंत जाणारा काळ म्हणजे वाचन-विलंब होय. पार्श्वकार्यांना वेगाची, वेळेची किंवा संख्येची मर्यादा घालून हा विलंब आटोक्यात ठेवण्याचे प्रयत्न चुंबकीय डिस्कच्या बरोबरीने वाढत गेले.

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. वाचन आधी आणि बाकीचे मागाहून, एवढा नियम केला की पुरे, असे कोणालाही वाटेल. एकेरी लोहमार्गावर मालगाडीला बाजूच्या रुळावर थांबवून प्रवासी गाडीला वाट करून देतात, त्यातलाच हा प्रकार आहे. परंतु बाजूच्या रुळावर किती मालगाड्या मावतील याला सीमा असते, आणि एकदा दोन स्थानकांच्या मध्ये शिरलेली मालगाडी मागे घेता येत नाही. डिस्कच्या बाबतीत या दोन्ही अडचणी आहेत. पुढे ढकललेले लेखन नाहीसे होत नाही, ते साचत जाते. शिवाय ते साचलेले असताना वीज गेली तर मजकूर कायमचा जातो. म्हणून पार्श्वकार्ये थांबवावीत की नाही हा वादाचा विषय कधीच नव्हता. ती किती मंद करावीत आणि त्या मंदपणाची किंमत कोणी सोसावी, हाच खरा प्रश्न होता.

यांत्रिक मर्यादा : आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ मध्ये जाहीर केलेल्या रॅमॅक या संगणकात पहिली व्यापारी डिस्क होती. कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे रेनल्ड जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली ती तयार झाली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या आसाभोवती मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि सर्व मिळून ५० लाख अक्षरे मावत. वाचन-लेखन करणारा भुज प्रथम हव्या त्या तबकडीच्या उंचीवर जाई व मग आत सरके. या प्रवासाला सरासरी सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. १९६१ च्या आयबीएम १३०१ या यंत्रात प्रत्येक पृष्ठाला स्वतंत्र शीर्ष देण्यात आले व उभा प्रवास संपला. तरी सर्व शीर्षे कंगव्याच्या दातांप्रमाणे एकाच सांगाड्यावर बसविलेली असल्याने ती एकत्रच हलत आणि हीच रचना पुढे रूढ झाली. अनेक तबकड्यांची डिस्कही त्यामुळे एका वेळी एकाच ठिकाणी काम करू शकते.

पुढील अर्धशतकात डिस्कची धारणक्षमता लक्षावधी पटींनी वाढली. शीर्षाची चपळता मात्र शेदीडशे पटींच्या आतच राहिली. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडी अधिक वाट पाहावी लागते. शीर्ष आत-बाहेर सरकण्याचा वेळ त्यात मिळविला की विखुरलेल्या जागी सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचने होतात. पार्श्वकार्याने त्यांतील तीस घेतली तर वाट पाहणाऱ्यांच्या वाट्याला सत्तर उरतात, आणि रांग लांबली की विलंब या प्रमाणापेक्षाही वेगाने वाढतो.

मागण्यांचा क्रम बदलून शीर्षाचा प्रवास वाचविण्याचा विचार प्रथम पुढे आला. पीटर डेनिंग यांनी १९६७ मध्ये या क्रमांचे गणिती विश्लेषण केले. आल्या क्रमाने काम करण्यापेक्षा जवळची मागणी आधी पुरविल्यास एकूण काम वाढते; पण दूरच्या मागणीला ताटकळत राहावे लागते. इमारतीतील लिफ्टप्रमाणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन वाटेतील मागण्या पुरवाव्यात व मग उलट फिरावे, ही रीत त्यांना अधिक पसंत पडली. लिफ्टचीच उपमा पुढे रूढ होऊन लिनक्ससारख्या प्रणालींत डिस्कच्या क्रमनियोजकाला ‘एलेव्हेटर’ असेच नाव पडले. या विचारात एक उणीव होती. लिफ्टला माणूस आणि सामानाची पेटी सारखीच. मागणीमागे कोणी थांबले आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हते.

तीस सेकंदांची लाट : केन टॉमसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या युनिक्स या परिचालन प्रणालीत वाचन व लेखन यांतील भेद स्पष्टपणे आला. लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर न जाता मुख्य स्मृतीतील राखीव खंडांत राही आणि लिहिणारी आज्ञावली पुढच्या कामाला मोकळी होई. हे खंड फार काळ अधांतरी राहू नयेत म्हणून ‘अपडेट’ नावाची एक छोटी आज्ञावली दर तीस सेकंदांनी जागी होऊन साचलेले सर्व लेखन डिस्ककडे पाठवून देई. वीज गेली तर साधारण अर्ध्या मिनिटाचे काम बुडेल, एवढी जोखीम या रचनेने उघडपणे पत्करली होती.

या दिरंगाईत लाभही होता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहाउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, नव्याने लिहिलेल्या मजकुरापैकी २० ते ३० टक्के मजकूर तीस सेकंदांच्या आत आणि सुमारे निम्मा पाच मिनिटांच्या आत पुसला जातो. जो थोडा वेळ थांबला, त्याचे पुष्कळसे लेखन आपोआप वाचले. यामुळे लेखन पुढे ढकलणे म्हणजे निव्वळ फायदा, अशी समजूत काही काळ दृढ झाली.

ती पहिल्यांदा गंभीरपणे तपासली स्कॉट कार्सन व संजीव सेतिया यांनी. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणाचा रोख एकूण कामावर नव्हता, तर वाचणाऱ्याला किती थांबावे लागते यावर होता. तीस सेकंद डिस्क जवळजवळ मोकळी असते. मग एकाएकी शेकडो लेखने रांगेत येऊन उभी राहतात आणि त्या क्षणी आलेले वाचन त्या सर्वांच्या मागे अडकते. रस्त्यावर वाहतूक तुंबावी तसा हा परिणाम असून त्यामुळे सेवा अतिशय खालावते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. चांगले क्रमनियोजन व मोठी राखीव स्मृती यांनी ही तुंबण कमी होते, पण फारच मर्यादित परिस्थितीत. सरासरी भार तोच असताना केवळ तो एकगठ्ठा आल्याने विलंब वाढतो, ही गोष्ट रांगांच्या गणितात जुनीच होती; संगणकाच्या रचनाकारांनी मात्र ती वीस वर्षे दुर्लक्षिली होती. यावर उपाय म्हणून डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या प्रयोगशाळेतील जेफ्री मोगल यांनी १९९४ मध्ये प्रत्येक खंडाचे वय स्वतंत्रपणे विचारात घेण्याची पद्धत पुढे मांडली. तीत कोणताही खंड ठराविक काळाहून जुना होऊ द्यायचा नाही. पण सगळे एकाच ठोक्याला बाहेर काढायचेही नाहीत. लाटेऐवजी सतत वाहणारी बारीक धार हे तिचे स्वरूप होते.

दरम्यान बर्कली येथेच मेंडेल रोझेनब्लम व औस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये स्प्राइट या प्रणालीसाठी रोजकीर्दीसारखी फाइलव्यवस्था मांडली. नवा मजकूर कुठलाही असो, तो कीर्दीच्या शेवटी सलग लिहायचा, ही तिची कल्पना. लेखन अतिशय जलद झाले; पण जुन्या, रद्द झालेल्या नोंदींनी डिस्क भरू लागली आणि जिवंत नोंदी उचलून दुसरीकडे नेणारी सफाई पार्श्वभूमीवर सतत चालविणे भाग पडले. मार्गो सेल्ट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, व्यवहारांची सतत वर्दळ असलेल्या यंत्रावर या सफाईमुळे कार्यक्षमता सुमारे ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते. सफाई रिकाम्या वेळी करावी हे उत्तर तयार होते. व्यवहार अखंड चालू असलेल्या यंत्राला रिकामा वेळ मिळणार कधी, हा त्यावरचा प्रतिप्रश्नही तितकाच तयार होता. पुढे काही वर्षे दोन्ही बाजूंनी बराच वाद झाला.

रिकाम्या वेळेचा शोध : हा प्रतिप्रश्न अनेकांनी गंभीरपणे घेतला. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड गोल्डिंग, जॉन विल्क्स व इतरांनी १९९५ मध्ये रिकामपण हाच अभ्यासाचा विषय केला. डिस्क आत्ता मोकळी आहे एवढे कळून भागत नाही. ती आणखी किती वेळ मोकळी राहील याचा अंदाज लागतो, कारण हाती घेतलेले पार्श्वकार्य मधेच सोडता येत नाही. अंदाज चुकल्यास होणारे नुकसान आणि बरोबर ठरल्यास होणारा लाभ या दोहोंची मापे त्यांनी निश्चित केली.

मायक्रोसॉफ्टमधील जॉन डाउसर व विल्यम बोलोस्की यांची १९९९ मधील युक्ती वेगळ्या वळणाची होती. डिस्कवर दुसरे कोण काम करीत आहे हे पार्श्वकार्याने शोधूच नये. त्याने फक्त आपल्या स्वतःच्या प्रगतीकडे लक्ष द्यावे. नेहमीपेक्षा आपले काम मंद चालले आहे असे दिसले, की दुसरा कोणी अडला आहे असे समजून बाजूला व्हावे. थोड्या वेळाने पुन्हा चाचपून पाहावे. तरीही मंदच असेल तर दुपटीने थांबावे. आपल्याला अडथळा होत असेल तर आपलाही दुसऱ्याला होत असणार, हे तिच्या मुळाशी असलेले गृहीत साधे आहे. परिचालन प्रणालीत कोणताही बदल न करता हे साधत होते, हा तिचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

कार्नेगी-मेलन विद्यापीठात ग्रेगरी गँगर यांच्या गटाने २००० मध्ये याहूनही धाडसी कल्पना मांडली. शीर्ष योग्य वर्तुळावर पोहोचल्यावर तबकडी फिरून हवी ती जागा खाली येईपर्यंत जो वेळ फुकट जातो, त्याच वेळात वाटेवरचे एखादे पार्श्वकार्य उरकून घ्यावे. असे केल्यास मूळ वाचनाला किंचितही उशीर न होता डिस्कच्या वाहनक्षमतेचा २० ते ५० टक्के भाग पार्श्वकार्यांना मिळू शकतो, असे त्यांच्या गणनेत आढळले. त्यासाठी तबकडी नेमकी कोणत्या कोनात आहे हे क्षणोक्षणी माहीत असावे लागते. ही माहिती डिस्कच्या पोटात असते. ती बाहेरच्या प्रणालीला सहजासहजी मिळत नाही. इतकी देखणी कल्पना प्रयोगशाळेबाहेर फारशी न पसरण्याचे हे एक मोठे कारण दिसते.

सामान्य वापरणाऱ्यापर्यंत पोहोचला तो साधा अग्रक्रम. लिनक्समध्ये २००५ पासून ‘आयोनाइस’ या आज्ञेने एखाद्या कामाला डिस्क रिकामी असतानाच वेळ देण्याची सोय झाली. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात डिस्कच्या मागण्यांचे पाच स्तर करण्यात आले आणि शोधसूची, विखुरलेल्या फाइलींची जुळणी यांसारखी कामे तळाच्या स्तरांवर गेली.

पुनर्भरणाचा पेच : पार्श्वकार्य मंद करण्याची किंमत सर्वांत उघड दिसते ती बिघडलेल्या डिस्कच्या बाबतीत. डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कली येथे अनेक स्वस्त डिस्कांचा एकत्रित संच सुचविला. रेड या आद्याक्षरी नावाने तो प्रसिद्ध आहे. एक डिस्क बिघडली तरी उरलेल्यांवरील माहितीतून तिच्यावरचा मजकूर पुन्हा काढता येतो. मात्र नवी डिस्क पूर्ण भरेपर्यंत संच उघड्यावर असतो. एकच बिघाड सोसणाऱ्या संचात त्या अवधीत दुसरी डिस्क गेली, की पुनर्भरण पुरे होण्याची आशा संपते.

येथे दोन रास्त मागण्या समोरासमोर उभ्या राहतात. पुनर्भरण भरधाव केले तर प्रत्येक वाचणारा ताटकळतो. रुग्णालयाचे किंवा तिकीट-आरक्षणाचे काम दिवसभर रखडते. मंद केले तर उघड्यावर राहण्याचा काळ लांबतो. लिनक्सच्या डिस्कसंच-व्यवस्थेत याकरिता दोन आकडे ठरवून दिलेले असतात : इतर कामे चालू असताना पुनर्भरणाने निदान एवढा वेग राखावा, ही खालची मर्यादा प्रत्येक डिस्कमागे सेकंदाला १,००० किलोबाइट, आणि डिस्क मोकळी असली तरी याहून पुढे जाऊ नये, ही वरची मर्यादा २,००,००० किलोबाइट. व्यवस्थापकाला हे दोन्ही आकडे बदलता येतात. डिस्का काही गिगाबाइटांच्या होत्या तोवर खालच्या मर्यादेनेही काही तासांत काम उरकत असे. दहा टेराबाइटांची डिस्क वरच्या मर्यादेने भरण्यास सुमारे चौदा तास लागतात. खालच्या मर्यादेने तेच काम सुमारे ११३ दिवस, म्हणजे जवळजवळ पावणेचार महिने चालेल. इतका काळ उघड्यावर राहणे कोणत्याही शहाण्या व्यवस्थापकाला परवडणारे नाही. दोन डिस्का एकदम गेल्या तरी तगणारे संच प्रचारात येण्यामागे डिस्कांचे वाढते आकारमान व लांबत गेलेले पुनर्भरण हे एक मुख्य कारण होते. विलंब कमी ठेवण्यासाठी घातलेल्या मर्यादेचे ओझे अखेर जादा डिस्कच्या खर्चात उतरले, असे म्हणता येईल.

रांगेची लांबी : लिनक्स या प्रणालीचा या विषयातील इतिहास विशेष बोधक आहे, कारण तिच्यातील प्रत्येक बदल सर्वांसमोर झाला. तिच्या जुन्या क्रमनियोजकात एकच मोठी फाइल लिहिली जात असली तरी त्या सलग लेखनाच्या ओघात वाचने कित्येक सेकंद अडकत. डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीत मुदतीवर आधारलेला क्रमनियोजक आला. वाचनाला अर्ध्या सेकंदाची व लेखनाला पाच सेकंदांची मुदत देऊन त्याने दोघांतील विषमता प्रथमच आकड्यांत मांडली. त्याच सुमारास राइस विद्यापीठातील सीताराम अय्यर व पीटर ड्रुशेल यांच्या २००१ च्या संशोधनावर आधारलेला दुसरा क्रमनियोजक निक पिगिन यांनी तयार केला. एखादी आज्ञावली एक खंड वाचते, क्षणभर त्यावर विचार करते व लगेच शेजारचा खंड मागते. पण त्या क्षणातच डिस्क दूरच्या दुसऱ्या कामाकडे निघून गेलेली असते. म्हणून वाचन पुरविल्यावर डिस्कने काही मिलिसेकंद मुद्दाम स्वस्थ बसावे, असे अय्यर व ड्रुशेल यांचे म्हणणे होते. स्वस्थ बसल्याने एकूण कामही वाढते हा त्यांचा अनुभव प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटतो.

तथापि या सर्व उपायांना एक भगदाड होते. क्रमनियोजकाचा अधिकार त्याच्या स्वतःच्या रांगेपुरताच. नव्या डिस्कांच्या पोटात स्वतःचीही रांग असते; साटा जोडणीच्या डिस्कमध्ये तीत ३२ मागण्या मावतात, शिवाय लेखन तात्पुरते ठेवण्यासाठी डिस्कची स्वतःची स्मृती असते ती निराळीच. एकदा लेखने तेथे शिरली की ती मालगाडी दोन स्थानकांच्या मध्ये गेली असे समजावे. दुसऱ्या बाजूने यंत्रांची मुख्य स्मृती वाढत चालली होती. उपलब्ध स्मृतीच्या दहा टक्क्यांपर्यंत न उतरविलेले लेखन साचेतो लिनक्स पार्श्वभूमीवरील लेखन सहसा निकडीने सुरू करीत नाही. सोळा गिगाबाइट मोकळ्या असलेल्या यंत्रावर हे दीड गिगाबाइटाहून अधिक झाले. सेकंदाला शंभर मेगाबाइट लिहिणाऱ्या डिस्कला ते उरकण्यास सोळा सेकंद हवेत. तीस सेकंदांची जुनी लाट नव्या रूपात परत आली होती.

उपाय सापडला तो डिस्कच्या शास्त्रात नव्हे, तर दूरसंदेशवहनाच्या जाळ्यांत. तेथेही स्मृती स्वस्त झाल्याने वाटेवरच्या प्रत्येक यंत्रात प्रचंड रांगा साचून संदेश उशिरा पोहोचत होते. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये सुचविले की, रांग किती लांब आहे हे मोजू नये. तीत थांबावे किती लागते ते मोजावे, आणि तेही एका ठराविक अवधीतील सर्वांत कमी थांबणे. क्षणिक गर्दी निरुपद्रवी असते, ती ओसरते. पण त्या अवधीतील सर्वांत भाग्यवान संदेशालाही थांबावे लागले असेल, तर रांग कायमची मुक्कामाला आली आहे असे ओळखावे.

हेच तत्त्व लिनक्सच्या डिस्क-विभागाची धुरा वाहणारे जेन्स अ‍ॅक्सबो यांनी डिस्कला लावले. फेब्रुवारी २०१७ मधील ४.१० या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. सुमारे १०० मिलिसेकंदांच्या अवधीत पुऱ्या झालेल्या वाचनांपैकी सर्वांत जलद वाचनाला किती वेळ लागला ते पाहायचे. फिरत्या डिस्कवर तो ७५ मिलिसेकंदांहून आणि चकतीविरहित संचयावर २ मिलिसेकंदांहून अधिक असेल, तर पार्श्वभूमीवरील लेखनांची एका वेळी आत सोडावयाची संख्या घटवायची. विलंब उतरला की ती पुन्हा हळूहळू वाढवायची. लेखने डिस्कच्या पोटात शिरण्यापूर्वीच, म्हणजे स्थानकावरच, थोपविली गेली. एखाद्या कामामागे कोणी प्रत्यक्ष थांबले असेल तर त्याच्या लेखनाला हा लगाम नाही, हा भेदही रचनेत पाळलेला आहे. त्याच वर्षी ४.१२ या आवृत्तीत ओमर सँडोव्हल यांचा वाचनाला २ व लेखनाला १० मिलिसेकंदांचे लक्ष्य देणारा क्रमनियोजक आणि इटलीतील मोदेना विद्यापीठाचे पाओलो व्हॅलेंते यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने घडविलेला दुसरा क्रमनियोजक, हे दोन्ही दाखल झाले.

सरासरी व शेपूट : विलंब कमी ठेवायचा म्हणजे कोणाचा, हा मुद्दा २०१३ मध्ये गूगलमधील जेफ डीन व लुइझ बरोसो यांच्या लेखाने ऐरणीवर आणला. एखादे यंत्र शंभरांतील नव्याण्णव मागण्या झटपट पुरविते व एकीला एक सेकंदाहून अधिक लावते, असे समजा. सरासरीत हे दिसतही नाही. पण एका प्रश्नाचे उत्तर जुळविण्यासाठी अशा शंभर यंत्रांना विचारावे लागत असेल, तर शंभरांपैकी त्रेसष्ट प्रश्नांना एक सेकंदाहून अधिक काळ लागेल. क्वचित होणाऱ्या उशिराच्या कारणांत त्यांनी पार्श्वकार्यांचा स्पष्ट उल्लेख केला. ती तुकडे करून व मर्यादा घालून चालवावीत, हा त्यांचा सल्ला अपेक्षितच होता. त्याबरोबरचा दुसरा सल्ला मात्र अनेकांना उफराटा वाटला. सर्व यंत्रांनी आपली पार्श्वकार्ये थोडा वेळ, पण एकाच क्षणी करावीत, म्हणजे त्या क्षणी आलेल्या मागण्यांनाच फटका बसेल. प्रत्येकाने आपल्या सोयीने केल्यास कोणते ना कोणते यंत्र सदैव अडलेले असते आणि फटका सर्वांनाच बसतो. एका यंत्रापुरती घातक ठरलेली लाट हजार यंत्रांच्या मेळ्यात हितकारक ठरते, ती अशी.

डेटाबेसच्या रचनाकारांना हाच अनुभव निराळ्या वाटेने आला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ठराविक काळाने स्मृतीतील सर्व बदल डिस्कवर उतरवून एक खूण केली जाते, म्हणजे यंत्र कोसळल्यास त्या खुणेपासून पुढचेच काम उजळावे लागते. हे उतरविणे पूर्वी जमेल तितक्या वेगाने होई. २००८ मधील ८.३ या आवृत्तीपासून ते दोन खुणांमधील काळाच्या निम्म्या भागावर पसरण्यात आले आणि २०२१ मधील १४ व्या आवृत्तीत हा भाग ०.९ झाला.

पॅट्रिक ओनील व इतरांनी १९९६ मध्ये मांडलेल्या थरांच्या रचनेत पेच अधिक खोल आहे. तीत नव्या नोंदी स्मृतीत लावून डिस्कवर थरांनी ठेवतात व पार्श्वभूमीवर ते थर एकमेकांत मिसळतात. कॅसँड्रा, रॉक्सडीबी इ. डेटाबेस याच पायावर उभे आहेत. मिसळणे भरधाव चालले तर वाचने अडतात. पण त्याला फार लगाम घातला तर थरांची संख्या वाढत जाते आणि एक नोंद शोधण्यासाठी अनेक थर उलगडावे लागतात. म्हणजे वाचन जलद राखण्यासाठी घातलेली मर्यादाच वाचन मंद करते. शेवटी थर इतके साचतात की नवे लेखनही थोपवावे लागते. ओआना बाल्मौ व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये यावर असा मार्ग दाखविला की, एकच वेगमर्यादा सर्व मिसळणीला लावू नये. ग्राहकांची वर्दळ कमी होताच मिसळणीला अधिक वाव द्यावा, आणि गर्दीतही स्मृतीतून उतरणाऱ्या व वरच्या थरांच्या कामाला तळच्या थरांच्या कामापुढे ठेवावे, कारण वरचे काम तुंबले तर फटका लगेच बसतो.

चकतीविरहित संचय : फिरती तबकडी गेली की हा प्रश्नही जाईल, अशी आशा फ्लॅश स्मृतीच्या प्रसाराबरोबर अनेकांना वाटत होती. ती फलद्रूप झाली नाही. फ्लॅशमधील पान वाचण्यास काही दशक मायक्रोसेकंद, लिहिण्यास त्याच्या कित्येक पट आणि पुसण्यास काही मिलिसेकंद लागतात. लिहिलेले पान जागच्या जागी बदलता येत नाही. शेकडो पानांचा ठोकळा एकदम पुसावा लागतो, आणि तत्पूर्वी त्यातील जिवंत पाने दुसरीकडे न्यावी लागतात. स्प्राइटमधील सफाई येथे संचयाच्या पोटातच चालते, तीही परिचालन प्रणालीच्या नकळत. पुसणे चालू असलेल्या चिपवरील वाचनाला तेवढा काळ थांबावेच लागे. गुआनयिंग वू व शूबिन हे यांनी २०१२ मध्ये हे पुसणे किंवा लिहिणे मधेच स्थगित करून आधी वाचन उरकण्याची पद्धत मांडली. बाजूच्या रुळाचा आधार न घेता चालती गाडीच मार्गावरून उचलून ठेवण्याची ही सोय फिरत्या डिस्कला कधीच उपलब्ध नव्हती.

एनव्हीएमई या जोडणीच्या २०१९ मधील १.४ या मानकात संचयाने आपला काळ दोन प्रकारच्या अवधींत विभागण्याची तरतूद आली : एका अवधीत तो पार्श्वकार्ये शक्यतो टाळून वाचन-विलंब निश्चित राखतो, तर दुसऱ्यात साचलेली सफाई उरकून घेतो, आणि कोणत्या अवधीत आहोत हे संगणकाला कळते. २०२० मध्ये संमत झालेल्या क्षेत्रविभागित संचयाच्या मानकाने तर सफाईचे काम पुष्कळ अंशी संचयाच्या पोटातून काढून पुन्हा संगणकाकडे सोपविले. कोणते खंड कधी हलवावेत हे आता पुन्हा फाइलव्यवस्था व डेटाबेस यांना ठरवावे लागते, आणि त्यासाठी रिकामा वेळ कधी मिळेल हा १९९३ मधील प्रश्नही त्यांच्याकडे परत आला आहे.